ठाव

क्लाइपेडाच्या बंदरात झेनोनास पाण्याचा ठाव घेतो.
सव्वीस वर्षं. गाळ किती चढला, जहाज कुठवर येईल,
कुठे थांबलंच पाहिजे,
सगळं त्याच्या वहीत असतं.
आज रविवारी पहाटे तो माझ्यासमोर आडवा आहे
आणि म्हणतो, बर्फावरून घसरलो.

बर्फावरून घसरलेल्यांच्या लघवीतून रक्त येतं कधी कधी,
नाही असं नाही.
पण एक्स-रेवर बर्फ उमटत नाही.
एक्स-रेवर एक बारीक पांढरी रेघ,
मूत्राशयात वेटोळं घालून बसलेली.

कधी, असं मी विचारते. का, असं नाही.
‘का’ त्याचं त्याच्यापाशी.
‘कधी’वर औषध ठरतं, सुरी ठरते.
तो छताकडे बघत म्हणतो, गुरुवारी.
म्हणजे तीन दिवस अंगावर काढलं.
तापात कामावर गेला, होडीत उभा राहिला,
लघवी करताना भिंतीला कपाळ टेकून
दातांत हातमोजा धरला.
दुखणं सहन झालं त्याला,
रिसेप्शनच्या काचेमागच्या मुलीला सांगणं झालं नाही.

झेनोनास, ऐका.
तुमच्या दोरीचं शिसं सरळ खाली जातं.
इथली वाट सरळ नाही, आत वळण आहे,
आणि वळणावरचं अस्तर ओल्या कागदासारखं.
तिथे जोर लावला की नवीच वाट पडते, खोटी,
कुठेही न पोचणारी.
बोटांतून निसटलेलं बाहेर येत नाही, आत सरकतं;
शरीर त्याला दगड समजून त्यावर क्षार चढवू लागतं.
पुसून घेतलेली वस्तू डोळ्यांना स्वच्छ असते,
जंतूंना ती नाव असते.
आणि जखम भरली तरी व्रण आक्रसतो.

तो मान हलवत नाही. ट्रेकडे बघतोय.
ट्रेमध्ये माझ्या सळया, क्रमानं लावलेल्या,
काडीपासून करंगळीपर्यंत.
त्याच्या मनात काय आलं ते मला कळतं
आणि मला थोडं हसूच येतं, त्यालाही.
हो, आम्हीही हेच करतो.
फक्त आमचं पोलाद उकळलेलं असतं, टोक गोल असतं,
आणि कुठे थांबायचं ते
आम्हाला दुसऱ्यांच्या शरीरांनी शिकवलंय, रडवून.

दुर्बिणीतून निघालं. पन्नास मिनिटं लागली.
विजेच्या तारेचं वेष्टण, निळं. मी बशीत ठेवलं,
नर्स ऑड्रोनेनं वर कापड टाकलं,
मेलेल्याच्या तोंडावर टाकतात तसं. मी ते काढलं.
कागदावर लिहिलं: बाह्य वस्तू, काढली.
एवढंच लिहितात. एवढंच पुरतं.

बाहेर गेनोवाइते, त्याची बायको,
मांडीवर दोघांचे कोट.
मी म्हणाले, आता बरे आहेत. पुढचं त्यांनी सांगायचं.
ती म्हणाली, मुतखडा म्हणालाय तो मला.
मग कोटाचं बटण फिरवत राहिली, फिरवत राहिली.
लग्नाला एकतीस वर्षं झाली, डॉक्टर.
गुरुवारी सांगितलं असतं
तर गुरुवारीच गाडी काढली असती मी.
रस्तेही मोकळे होते गुरुवारी.

सहा आठवड्यांनी तो यंत्रापाशी उभा राहतो,
धारेचा आलेख कागदावर उतरतो.
निरोगी माणसाची टेकडी असते.
याचं पठार, बुटकं, लांबच लांब.
कसं सांगावं, मी शब्द शोधतेय,
पण आलेख वाचायचा धंदा त्याचा आहे, माझ्याआधीपासून.
गाळ चढतोय, तो म्हणतो.
चढतोय.
उपसावा लागेल?
दर तीन महिन्यांनी, बहुतेक. कायमचं.

खिडकीबाहेर बाल्टिकवरून एक मालवाहू जहाज
फार सावकाश आत येतंय.
तो चष्मा लावतो, खिशातून वही काढतो,
आणि पुढची तारीख
माझ्या हस्ताक्षरापेक्षा कितीतरी नीट
लिहून घेतो.